उणे तीस

आमच्या मच्छीमार सोसायटीच्या डेटाबेसमध्ये
प्रत्येक ढिवराची एक नोंद,
नोंदीच्या पोटात एक रांग:
तारीख, जात, किलो.
कतला साडेचार. रोहू दोन. सवडा पाऊण.
ढुटी तराजूवर टेकली
की रांगेच्या शेपटाला एक आकडा चिकटायचा.

चार वर्षं चिकटत राहिले.
मग दुधराम नान्हेची नोंद एवढी फुगली
की उघडायला घ्यावी तर
सेक्रेटरीचा कप धुऊन टपरीवर परत जायचा
आणि पडद्यावरचं चक्र फिरतच.
‘गाभन हाये का गा माही नोंद?’
दुधरामनं विचारलं. कुणी हसलं नाही,
सगळ्यांचेच पैसे अडलेले.

मी साकोलीच्या कॉलेजात शिकले,
पण वाढले तलावाच्या पाळीवर.
सांडवा मला माहीत आहे.
पाळीपेक्षा हातभर खाली ठेवलेली दगडी कड.
आजा म्हणायचा, कोहळ्यांनी आधी ती आखली,
तलाव मागाहून.

तसाच सांडवा रांगेला दिला.
नवं घाल, त्याच दमात काप, तीस ठेव.
दोन्ही एकाच आदेशात,
म्हणजे घालणं आणि कापणं यांच्या मध्ये
दुसऱ्या कुणाचा हात शिरणार नाही.
आधी सगळ्याची एक प्रत घेतली, तेवढी अक्कल होती.
रात्री अकराला लावलं आणि झोपले.

सकाळी नोंद उघडली, चहा अर्धाही नव्हता झाला.
सेक्रेटरीनं मला एक भजं दिलं.
असे अकरा दिवस.

बाराव्या दिवशी फुलवंता मारबते खिडकीशी,
लुगड्याच्या काठाला शेवाळ,
हातात पोराचा मोबाईल.
‘पोरी, काल मी शिंगूर देल्ला, परवा सवडा.
हा तं चार सालामागची मासोरी दाखोते.
तवा माहा समोरचा दात होता.’

पाहिलं.
तीस होते. बरोब्बर तीस.
पहिले तीस.
जे आधी आले ते पाट धरून बसलेले,
आणि अकरा दिवस तराजूवर जे जे आलं
ते हिरवी खूण घेऊन
दारातूनच परत गेलेलं.
तक्रार नाही, लाल अक्षर नाही.
तिसाच्या आधी एक आडवी रेघ राहिली होती.
उणे असेल तर शेपटाकडून मोजतं,
नसेल तर डोक्याकडून.
एवढंच. एवढीशी रेघ,
मिशीच्या एका केसाएवढी.

जुनं प्रतीतून परत आणलं.
पण ते अकरा दिवस कुठेच नव्हते,
म्हणून सगळ्यांना पाळीवर बोलावलं.
फुलवंतानं न अडखळता सांगितले:
कोणता मासा, कोणत्या काठाला,
त्या दिवशी वारा कुठून होता,
तराजूवाल्यानं किती खाल्लं.
दुधरामच्या डोंग्यावर आतून कोळशाच्या रेघा होत्या.
दयारामनं एक कतला जास्तीचा सांगितला.
सगळ्यांना कळलं.
मी लिहून घेतला.

मग रेघ ओढली.
सांडव्यावरून गेलेलं पाणी
खालच्या बोडीत जातं, बोडीतून धानात,
म्हणून रांगेतून गळणाऱ्यांसाठी
सालवार वेगळा संग्रह केला.
तिथे रोज कुणी जात नाही,
पण तिथे ओल आहे.

‘तीसच काहून?’ फुलवंतानं विचारलं.
मोबाईलवर तेवढे मावतात, मी म्हटलं.
खरं तर तीस हा आकडा
मी रात्री अकराला, जांभई देत ठरवला होता.

ती ढुटी उचलून निघाली, पाळीवर थांबली.
‘ते पयले तीसबी ठेवजो कोटी तरी.
दातवाले.’